कौलं की पत्रा? त्याआधीचा प्रश्न: दापोली तालुक्यातल्या एका घराचं छप्पर बदलताना

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत जात होते. बाणकोटची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. मंडणगड आणि दापोलीचा किनाराही त्या तडाख्यातून सुटला नाही. केळशी-आंजर्ले पट्ट्यात माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि वाड्याच्या वाड्या उघड्या पडल्या. वर टाळेबंदीचे दिवस. कौलं मिळेनात, पत्रे मिळेनात, ताडपत्रीसाठीसुद्धा रांगा.

इथे ज्या घराबद्दल लिहितो आहे ते याच पट्ट्यातलं. घरच्यांच्या सांगण्यावरून गाव आणि नावं गाळली आहेत. जुन्या चिरेबंदी घरांच्या दुरुस्तीची कामं मी पाहतो. हेच घर निवडलं याचं कारण, छप्पर बदलताना कोकणातल्या कुटुंबासमोर येणारे जवळजवळ सगळे प्रश्न इथे एकत्र आले होते: वारा, वाळवी, माकडं, भाऊबंदकी, मजुरांची टंचाई आणि 'आता एकदाचा पत्रा टाकून मोकळे होऊ' हा आग्रह.

घर आणि घरातले

जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, जोडणी मातीची, वरून चुन्याचा गिलावा. चाळीस फूट बाय तीस फूट. पुढे ओटी, मधे माजघर, बाजूला देवघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला टेकून नंतर काढलेली पडवी. मुख्य छप्पर चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतार असलेलं, वर मंगलोरी कौलं. लाकूड ऐन आणि किंजळीचं, कौलं बसतात त्या आडव्या रिपा काही सागाच्या, काही पोफळीच्या. पडवीवर सिमेंटचे पत्रे. घरात एकट्या काकू राहतात, वय सत्तरीच्या पुढे. मुलगा डोंबिवलीला, चुलत दीर पुण्याला, आणखी एक हिस्सेदार नालासोपाऱ्याला. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर.

वादळानंतर पंचनामा झाला, जी मदत यायची ती आली, आणि घाईघाईने वर तात्पुरते पत्रे टाकून घर झाकलं गेलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं तेव्हा त्यातले काही पत्रे पुन्हा उडाले. काकूंनी ती रात्र शेजारच्या घरी काढली. मग दिवाळीत मुलगा आला आणि कायमचं काम करायचं ठरलं.

त्याची मागणी साधी होती. सगळं लाकूड काढायचं, लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा उभा करायचा आणि वर रंगीत कोटेड पत्रा टाकायचा. दरवर्षी शाकारणीला माणूस मिळत नाही. कौलं परतायला चढणारे गावात दोघं उरलेत, तेही साठीचे. माकडांची टोळी आठवड्यातून एकदा तरी छपरावरून जाते आणि प्रत्येक फेरीत दहा-पाच कौलं फुटतात. "आई एकटी असते. पावसात कौल फुटलं तर तिने कोणाला हाक मारायची?" त्याचा हा प्रश्न अगदी खरा होता. कौलारू घराच्या सौंदर्यावर बोलणाऱ्यांनी आधी याचं उत्तर शोधायला हवं.

वाऱ्याने नेमकं काय केलं होतं

नवीन काय टाकायचं हे ठरवण्याआधी जुनं का गेलं हे समजायला पाहिजे. बहुतेक ठिकाणी ही पायरीच गाळली जाते. छप्पर उडालं म्हणजे 'वारा फार होता' एवढ्यावर विषय संपतो.

या घरात जे घडलं ते उतरवलेल्या लाकडांवरून आणि काकूंच्या सांगण्यावरून बऱ्यापैकी स्पष्ट जुळलं. पहिल्यांदा गेली ती मागची पडवी. तिचे पत्रे कडेला बऱ्याच ठिकाणी नुसत्या खिळ्यांवर होते. पडवीचे वासे मुख्य छपराच्या वाशांच्या टोकांना खिळून पुढे काढले होते, त्यामुळे पडवी उचलली गेली तशी ती मुख्य छपराची मागची वळचणही (भिंतीबाहेर येणारी छपराची कड) सोबत घेऊन गेली. वळचण उघडी पडल्यावर वारा माळ्यावर शिरला. त्यात माळ्याची पश्चिमेची खिडकी आत कोसळली. आता छपराला वरून ओढ आणि आतून दाब, दोन्ही एकदम. मागच्या आणि पश्चिमेच्या पाख्यावरची कौलं तासाभरात गेली. पुढचं आणि पूर्वेचं पाखं जवळपास शाबूत राहिलं.

वारा छप्पर ढकलून पाडतो असं आपण समजतो. खरं तर तो ते बरेचदा उचलतो. छपरावरून जाताना वारा वेग घेतो, तिथे दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलं जातं. ही ओढ सगळीकडे सारखी नसते. वळचणीच्या कडा, कोपरे आणि आढ्याजवळचा, म्हणजे छपराच्या माथ्याजवळचा पट्टा इथे ती सर्वात जास्त. त्यामुळे छप्पर कडेपासून सुटायला लागतं आणि एकदा कड सुटली की बाकीचं थांबत नाही.

चौपाखी छप्पर वाऱ्यात दुपाखीपेक्षा चांगलं टिकतं, कारण चारही बाजूंनी उतार असल्यामुळे वाऱ्यासमोर सरळ उभी त्रिकोणी भिंत येत नाही. आपल्या जुन्या सुतारांनी चौपाखी घरं बांधली ती काही केवळ दिसायला नाही.

दुसरी गोष्ट लाकडाची. आम्ही एकेक वासा स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिला. मधल्या भागात टोक आत जाईना इतकं लाकूड टणक. पण भिंतीवर टेकलेल्या बुंध्यापाशी, विशेषतः पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला, पातं बोटभर सहज आत गेलं. वर्षानुवर्षं वळचणीची झड, चिऱ्याने शोषलेला ओलावा, आणि त्या ओलाव्याच्या वाटेने भिंतीतून चढलेली वाळवी. आमच्याबरोबरचे सुतार म्हणाले, "आढ्याकडे बघू नका साहेब, आढं अजून आपल्या नातवंडांना पुरंल. वाशांची बुडं बघा." त्यांनी आढ्याला कुऱ्हाडीचा तुंबा हाणून दाखवला, खणखणीत आवाज आला. तोच तुंबा पश्चिमेच्या वाशाच्या बुडाला लावला तर भुस्सा सांडला.

म्हणजे वाईट काय होतं? आढं नाही, भाल नाही, मधली तुळईही नाही. वाईट होते ते वाशांचे पाय, आणि भिंतीचा माथा. मातीच्या जोडणीतले वरचे दोन थर हाताने हलत होते. वासे त्यावर केवळ टेकलेले होते. त्यांना खाली धरून ठेवणारं काहीही नव्हतं, होतं ते कौलांचं वजन.

वजनाचं गणित

हे गणित घरमालकाने स्वतः करून पाहावं असं मला फार वाटतं. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं. एका चौरस मीटरला पंधराएक कौलं लागतात. म्हणजे चौरस मीटरला नुसत्या कौलांचं वजन ३७-३८ किलो, रिपा आणि वासे वेगळे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा त्याच जागेत पाच किलोच्या आत. आता वारा. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर येतं ते एका चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर. दाब येतो ५६० न्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे ५७ किलो वजनाइतका. छपराच्या मधल्या भागात प्रत्यक्ष ओढ याहून कमी असते, कडांवर आणि कोपऱ्यांवर याहून बरीच जास्त. भारतीय मानकाने छपरासाठी धरायचा मूळ वेग मुंबईला सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे निसर्गच्या वेळी होता त्याहूनही जास्त.

कौलारू छप्पर ही ओढ बऱ्याच अंशी स्वतःच्या वजनाने पेलतं. शिवाय कौलांच्या फटींतून हवा खालीवर होते, त्यामुळे दाबातला फरक थोडा कमी होतो. वारा फारच झाला तर कडेची कौलं उडतात, वासे राहतात. पत्र्याचं तसं नाही. पाच किलोचा पत्रा आणि फार तर आठ-दहा किलोचा पाइप, समोर पन्नास किलोची ओढ. उरलेलं सगळं कोण धरणार? स्क्रू धरणार, स्क्रूला पाइप, पाइपला भिंत, आणि भिंतीला तिचं स्वतःचं वजन. या साखळीतली जी कडी सर्वात कच्ची, तिथे छप्पर तुटतं. मातीत बसवलेल्या चिऱ्यांच्या माथ्यावर चार इंच सिमेंटमध्ये रोवलेला पाइप ही अत्यंत कच्ची कडी आहे, आणि गावोगाव तेच चालू आहे.

या घरात कौलं काढून सगळीकडे पत्रा टाकला असता तर छपराचं वजन सहा टनांहून पाऊण टनावर आलं असतं. भिंतीवरचा भार हलका होतो, हे ऐकायला चांगलं वाटतं. भूकंपाच्या दृष्टीने ते चांगलंही आहे. पण वाऱ्यासाठी तोच भार आजवर छपराला खाली धरून होता. तो काढायचा तर त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी घ्यायलाच हवी, आणि त्याचा खर्च दरपत्रकात दिसत नाही.

म्हणून मुलाला मी म्हटलं, कौलं की पत्रा हे आपण नंतर ठरवू. आधी हे ठरवू की छप्पर भिंतीला कशाने बांधायचं.

दरपत्रकं

दोन दरपत्रकं आली होती. एकात दर जास्त आणि बेरीज कमी, दुसऱ्यात दर कमी आणि बेरीज जास्त. घरच्यांचा गोंधळ होणं साहजिक होतं.

फरक क्षेत्रफळात होता. पहिल्याने घराचं जमिनीवरचं माप धरलं होतं: चाळीस गुणिले तीस, १,२०० चौरस फूट. पण वळचण चारी बाजूंना अडीच-अडीच फूट बाहेर असते, म्हणजे ४५ गुणिले ३५, १,५७५. आणि छप्पर उतरतं असतं. तीस अंशांच्या उताराला या मापाला साधारण १.१५ ने गुणायचं. १,८०० चौरस फुटांच्या वर जातं. अठरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट). पहिल्याच्या कागदावर शेवटी बारीक अक्षरांत 'प्रत्यक्ष मोजमापानुसार देयक' असं लिहिलेलं होतं. फसवणूक म्हणता येणार नाही, पण काम झाल्यावर आकडा दीडपट झाला असता.

त्याच कागदात आणखी एक ओळ होती: 'जुने लाकूड व साहित्य ठेकेदाराचे.' त्याबदल्यात मजुरीत सूट. कोकणातल्या प्रत्येक घरमालकाने या ओळीपाशी थांबावं. जुनं ऐन, किंजळ, साग आज सहजासहजी विकत मिळत नाही. शंभर वर्षं मुरलेल्या तुळया आणि भाल मुंबई-पुण्याला फर्निचरसाठी आणि फार्महाउससाठी जातात, आणि चांगला भाव मिळवतात. या घरातलं आढं आणि भाल त्या सवलतीच्या रकमेत जाणार होते. लाकूड उतरवण्याआधी सुताराला घेऊन त्याची यादी करावी, लांबी-रुंदी लिहावी, आणि विकायचंच असेल तर वेगळं विकावं.

पत्र्याच्या जाडीबद्दलही विचारावं लागतं. 'अर्धा मिलिमीटर' म्हणताना तो रंग आणि लेप धरून की आतल्या मूळ पत्र्याची जाडी, हे लिहून घ्यावं. लेप किती ग्रॅमचा ते लिहून घ्यावं. जस्त-अॅल्युमिनियमचा लेप चौरस मीटरला १५० ग्रॅम असेल तर खाऱ्या हवेत बरा टिकतो. आणि वॉरंटीचा कागद मागून वाचावा. त्यात बहुतेक वेळा समुद्रापासून किती अंतरावर ती लागू नाही हे लिहिलेलं असतं. खाडीकाठच्या, पुळणीलगतच्या घरांना ती वॉरंटी कागदावरच राहते.

पाइपचा सांगाडा आतून गंजतो. वरून रंग ताजा दिसतो, आणि आत खारी दमट हवा शिरून पोकळ नळी पातळ होत जाते. प्रत्येक पाइपचं तोंड टोपी वेल्ड करून बंद केलं पाहिजे. वेल्डिंगच्या जागा घासून आधी प्रायमर, मग रंग. ही दोन कामं दरपत्रकात नव्हती, ती घालून घेतली.

काय ठरलं आणि का

तीन हिस्सेदारांच्या फोनाफोनीत दोन आठवडे गेले. त्याबद्दल फार लिहीत नाही, पण एवढं नक्की: सामायिक घराच्या छपराला हात लावण्याआधी सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी, खर्चाची वाटणी त्याच कागदावर लिहावी, ग्रामपंचायतीला दुरुस्तीचं पत्र देऊन पोच घ्यावी, आणि जुन्या छपराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवावेत. जोतं तेच, उंची तीच, ही दुरुस्ती आहे, नवं बांधकाम नाही, हे समुद्राजवळच्या गावात दाखवता आलं पाहिजे.

ठरलं ते असं. मुख्य घरावर कौलंच, चौपाखी आकार तसाच. ठेकेदाराला दुपाखी करायचं होतं, कारण पत्र्याला ते सोपं. ते आम्ही मान्य केलं नाही. आढं, भाल, तुळया जागच्या जागी. पश्चिमेचे आणि मागचे सगळे वासे नवे, पुढचे निवडून. नव्या-जुन्या लाकडाच्या भिंतीत जाणाऱ्या टोकांना वाळवीप्रतिबंधक औषध, आणि सुतारांच्या सांगण्यावरून वर काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात. होड्यांना आणि घराच्या लाकडाला हे तेल लावण्याची इथली पद्धत जुनी आहे.

मागच्या पडवीवर मात्र पत्रा. पडवीचा उतार पंधरा अंशांच्या आसपास होता. इतक्या कमी उतारावर कौलातून पाणी उलटं आत येतं, कितीही नीट बसवा. तिथे पत्राच योग्य. पण पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून पूर्ण वेगळं केलं. स्वतःचे खांब, स्वतःचा पाइप, मुख्य वाशांशी एकही खिळा नाही. उद्या पडवी गेलीच तर ती एकटी जाईल.

माकडांच्या प्रश्नावर, म्हणजे मुलाच्या खऱ्या चिंतेवर, दोन उपाय चर्चेत आले. एक, पत्रा टाकून त्यावर कौलं. हे आता पुष्कळ ठिकाणी दिसतं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, आणि पत्रा तापतही कमी. पण वजन दोन्हींचं, मधे पालापाचोळा साठतो, उंदीर घर करतात, आणि रिपा बसवायला मारलेला प्रत्येक स्क्रू पत्र्याला पाडलेलं भोक असतं. गंज कुठे धरला हे वरून दिसतही नाही. दुसरा उपाय: ज्या खोल्यांत काकूंचा वावर आणि झोपणं आहे, म्हणजे माजघर आणि देवघर, तिथे माळ्याची लाकडी पाटणी दुरुस्त करून तिच्यावर उताराने जाड प्लास्टिक अंथरायचं आणि त्याचं पाणी भिंतीबाहेर काढायचं. कौल फुटलं तरी अंथरूण भिजणार नाही, सकाळी माणूस येऊन कौल बदलेल. हा दुसरा उपाय घेतला. खर्च फार थोडा. शिवाय दीडशे कौलं जादा आणून पडवीत रचून ठेवली.

भिंतीच्या माथ्यावरचे सुटे दोन थर उतरवून तिथे चारी बाजूंनी सलग सहा इंचांचा काँक्रीटचा बेल्ट ओतला. बारा मिलिमीटरची सळई बेल्टमधून खाली चिऱ्यांच्या चार थरांखाली नेऊन आकडा मारला, वरचं टोक बेल्टच्या बाहेर आट्या पाडून ठेवलं. बेल्टवर लाकडी पाटी, तिला नट-वॉशरने आवळलं, आणि प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने पाटीला जखडला. वळचणीच्या पहिल्या तीन ओळी, आढ्यालगतच्या दोन ओळी आणि चारी कोनवाशांलगतची (दोन पाखी मिळतात तिथल्या तिरक्या वाशांलगतची) कौलं गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपेला बांधली. मंगलोरी कौलाच्या मागे तार ओवायला भोक असलेला कान असतो, तो याचसाठी. पण 'आमच्याकडे कोणी बांधत नाही' म्हणून तो तसाच राहतो. एकूण खर्चात बेल्ट, सळई, पट्ट्या आणि तारेचा वाटा बघून मुलगा म्हणाला, हे तर कोणाला दिसणारसुद्धा नाही. खरंच दिसत नाही. पण पैसा खर्च करायचा तर आधी इथे.

कामाचे दिवस

कोकणात छपराच्या कामाचं वेळापत्रक पावसाइतकंच शिमग्यावर आणि आंब्यावर अवलंबून असतं. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, तेव्हा माणूस कामावर येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही करू नये. एप्रिल-मे आंब्याचा. मेच्या मध्यानंतर वळीव कधीही, आणि तौक्तेनंतर मे महिना निर्धोक धरता येत नाही. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यासाठी कौलांची मागणी दिवाळीतच नोंदवावी लागते. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आता तिथले बरेच कारखाने बंद आहेत, त्यामुळे पूर्वीसारखी हाकेसरशी कौलं येत नाहीत.

अठरा ब्रासला ब्रासमागे १४० प्रमाणे अडीच हजार कौलं, तूटफूट आणि कोनवाशांवरची कापाकापी धरून दहा टक्के जादा. जुन्यातली हजार-अकराशे चांगली निघाली. प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहिलं. खणकन वाजलं तर ठेवलं, बद्द वाजलं तर बाजूला. जुनी आणि नवी कौलं मात्र एका पाख्यावर मिसळायची नाहीत. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात मापाचा आणि खाचेचा थोडा फरक असतो. ती एकमेकांत नीट बसत नाहीत, ओळ वाकडी जाते आणि नेमकी तिथेच गळते. म्हणून जुनी सगळी पुढच्या पाख्यावर, नवी उरलेल्या तीन पाख्यांवर.

उतरवताना दोन्ही बाजू सारख्या उतरवायच्या, चढवताना दोन्ही बाजू सारख्या चढवायच्या. एक पाखं पूर्ण मोकळं आणि दुसरं पूर्ण भरलेलं असं ठेवलं की सगळा रेटा एका भिंतीवर जातो, आणि मातीच्या जोडणीची भिंत तेवढ्याने कलते. मजुरांना एका बाजूने सुरुवात करून संपवत जाणं सोयीचं वाटतं, म्हणून घरच्या माणसाने तिथे उभं राहावं लागतं.

पडवीचे जुने सिमेंटचे पत्रे हा काळजीचा भाग. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अख्खा असताना धोका कमी, पण तो फोडला, कापला, ग्राइंडर लावला की ते तंतू हवेत जातात, आणि फुप्फुसात गेलेले तंतू कित्येक वर्षांनी कर्करोगापर्यंत नेऊ शकतात. वादळानंतर गावागावांत हे तुकडे हातोड्याने फोडून पायवाटेत भराव म्हणून टाकलेले मी पाहिले, वर मुलं खेळताना पाहिली. असं करू नये. पत्रे पाणी मारून ओले केले, खिळे उपटून अख्खेच्या अख्खे उतरवले, तुकडे ओल्या पोत्यांत घालून तोंडं शिवली. उतरवणाऱ्यांना मास्क, आणि काकूंना त्या दिवशी दुसऱ्या घरी.

घराची जुनी गळती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती, जिथे दोन पाखी आत मिळतात त्या पन्हळीत. दरवर्षी कोणीतरी तिथे सिमेंटचा लपका मारत आलं होतं. सिमेंटला तडा जातो, पाणी तड्यात शिरतं, मग आणखी सिमेंट. खरवडल्यावर तीन-चार थर निघाले, आणि खालची पन्हळ जेमतेम वीतभर रुंद. मोठ्या सरीत तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एवढ्या छपरावरून तासाला साडेचौदा हजार लिटर पाणी उतरतं, आणि त्याचा मोठा हिस्सा या एका कोपऱ्यातून. दोन फूट रुंदीचा अॅल्युमिनियमचा पत्रा मधे दुमडून घातला, जोडाला सहा इंच चढ दिला, दोन्ही बाजूंची कौलं तिरकी कापून त्याच्यावर चार-चार इंच आणली. सिमेंट कुठेही नाही.

पडवीच्या पत्र्याला कडेने प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधे एकाआड एक. स्क्रूच्या रबरी वॉशरला इतकंच आवळायचं की तो किंचित फुगेल. जास्त पिळला की फाटतो आणि पहिल्याच पावसात टपटप सुरू होते. भोक पाडताना उडालेला लोखंडी चुरा संध्याकाळी झाडून काढायचा, नाहीतर त्याचे तांबेरलेले ठिपके पत्र्याच्या रंगात शिरतात.

त्यानंतर

पहिल्या पावसात एकच जागा गळली. पडवीचा पत्रा जिथे मुख्य भिंतीला टेकतो, त्या सांध्यावर. भिंतीत खाच पाडून त्यात पत्र्याची पट्टी बसवायची होती, ती घाईत वरून सीलंट भरून भागवली गेली होती. श्रावणात उघडीप मिळाल्यावर खाच पाडून पट्टी बसवली, पुढच्या सरींत भिंत कोरडी राहिली. माकडांनी त्या वर्षी पंचवीसेक कौलं फोडली. रचून ठेवलेली कौलं उपयोगी पडली, आणि माजघरात पाणी आलं नाही. शेजारच्या वाडीतल्या एका तरुणाला कौल परतायला शिकवलं आहे. त्याला दर मे महिन्यात दोन दिवसांचं काम ठरवून दिलं आहे आणि पावसाळ्यात हाक मारली तर येण्याचे वेगळे पैसे. हिस्सेदारांपैकी दोघांनी आपापल्या जुन्या घरांसाठी तोच तरुण सांगून ठेवला.

निसर्गसारखा वारा या छपरावरून अजून गेलेला नाही. त्यामुळे बेल्ट आणि तारेची खरी परीक्षा बाकी आहे. मुलाने घराचा विमाही उतरवला. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते, आणि तिच्यात वादळाचं नुकसान धरलेलं आहे. विमा घेताना छप्पर कशाचं, भिंती कशाच्या हे अर्जात जसं आहे तसं लिहिलं, आणि काम चालू असताना काढलेले बेल्टचे, सळयांचे, पट्ट्यांचे फोटो बिलांबरोबर ठेवून दिले.

राहिलेलं काम एकच, आणि तेही येत्या दिवाळीनंतर करायचं आहे: पश्चिमेच्या माळ्याच्या खिडकीला आतून आडणा लावायची सोय. चौकट नवी बसवली आहे, पण दारं अजून एका कडीवरच आहेत. वळचणीइतकाच वारा घरात शिरला होता तो या खिडकीतूनही.